पाणी न घालायचं झाड

आमचे हे रिटायर झाले त्या दिवशी ऑफिसच्या लोकांनी त्यांना शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि मला हे दिले. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली, घड्याळ बैठकीत लागलं. यांना कुठं लावायचं ते मात्र कुणी सांगितलं नाही.

अण्णाराव पाणीपुरवठ्यात वॉलमन होते. लातूरकरांना वॉलमन कोण ते सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. रस्त्यात लोखंडी झाकणाखाली वॉल असतो. छातीएवढ्या लांब चावीनं तो फिरवला की त्या गल्लीला पाणी सुटतं. आमच्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी येतो, कधी त्याहून लांबतो. त्यामुळे ती चावी ज्याच्या खांद्यावर, त्याला लोक लग्नात पहिल्या पंगतीला बसवतात, आणि पाणी लांबलं की त्याच्याच खानदानाचा उद्धार करतात. यांनी उभी नोकरी पंगती आणि शिव्या दोन्ही खाल्ल्या, आणि दोन्ही पचवल्या.

आता घरात बसल्यावर सोडायला पाणी नाही, शिव्या द्यायला माणूस नाही. मी भांडी घासायला लागले की मागून हात यायचा आणि नळ बारीक व्हायचा. डाळ शिजायला टाकली की, "पाणी किती घातलंस?" दुपारी माझा डोळा लागतो न लागतो तोच, "सिंधु, टाकी बघितलीस का?" टाकी कुठं पळून जाणार होती?

आणि संध्याकाळी वर्षाराणीला फोन. वर्षाराणी आमची एकुलती लेक. राजस्थानात फलोदीकडं वाळवंटात सूर्याच्या उन्हावर वीज करतात, तिथल्या कंपनीत इंजिनिअर आहे. दुसरे बाप लेकीला विचारतात, जेवलीस का. आमचे हे विचारायचे, "पाणी बोअरचं का टँकरचं? टाकी कोण धुतंय? झाकण हाय का टाकीला?" मग फोन ठेवायच्या आधी दर वेळी, "मी येऊन जातो दोन महिने. समदं बगून देतो."

तिकडून एकदम रेंज जायची.

खरं सांगायचं तर यांनी जावं ही माझीसुद्धा फार इच्छा होती. यांच्यापेक्षा जास्तच. दोन महिने! सकाळी एकदाच पिठलं-भात करून दोन्ही वेळा तेच खायचं. दुपारी पंखा मोठा करून झोपायचं. डाळीत मनाला येईल तेवढं पाणी ओतायचं आणि कुणाला हिशेब द्यायचा नाही. माहेरी हदगावला जाऊनसुद्धा मला हे मिळत नव्हतं, कारण हे सोबत यायचे आणि माझ्या भावाच्या विहिरीत वाकून बघत बसायचे.

पण पोरीनं धसका घेतला होता, आणि तिचं चुकत नव्हतं. ती नांदेडला शिकायला होती तेव्हा हे एकदा लाडूचा डबा द्यायला गेले. डबा वॉचमनबाईकडं दिला असता तर विषय मिटला असता. पण यांना वरच्या टाकीतून पाणी वाहिल्याचा आवाज आला. तसले आवाज यांना अर्ध्या कोसावरून येतात. हे सरळ जिना चढून मुलींच्या हॉस्टेलच्या गच्चीवर. तिथं पोरी केस वाळवत बसलेल्या. आरडाओरडा, पळापळ, खालून वॉचमनबाई काठी घेऊन वर. हे टाकीत हात घालून म्हणतात, "जरा थांबा बाई, तरंगता गोळा अडकलाय." शिक्षण होईस्तोवर पोरी वर्षाला 'टाकी' म्हणून हाक मारायच्या.

तर मागच्या महालक्ष्म्यांना वर्षा घरी आली, ती हातात पाण्याची कापलेली बाटली घेऊन. बाटलीत वाळू, आणि वाळूत बोटभर उंचीचं एक काटेरी रोपटं.

"हे काय आणलंस गं?" मी विचारलं.

"आमच्या साइटवर उगवतं. याला फूल येतं, जांभळं, इत्तुसं." तिनं करंगळीचं नख दाखवलं. "नाव मला माहीत नाही."

हे लगेच पुढं. बाटली उचलली, उन्हात धरली, वाळूला बोट लावलं. "वाळून कोळ झालंय. सिंधु, तांब्या आण."

"पप्पा, थांबा." वर्षानं बाटली काढून घेतली. "तुम्हाला माझ्याकडं यायचंय ना?"

"यायचंच हाय. तिकीट काढलालो होतो, तूच न्हाई मनलीस."

"मग एक करा. हे झाड सांभाळा. याला फूल आलं की मी स्वतः तिकीट पाठवते, दोन महिने राहा. फक्त याला पाणी घालायचं नाही. महिन्यातून एकदा वाटीभर, तेवढंच. बाकी हात लावायचा नाही, विचारायचं नाही, उगं बसायचं. जमेल?"

"ह्यात काय न जमायचंय?" हे म्हणाले. "पाणी न सोडायचा अनुभव मला कमी हाय व्हय?"

वर्षा माझ्याकडं बघून हसली. ते हसू मला तेव्हा कळलं नाही.

ती गेली आणि आमची परीक्षा सुरू झाली. यांनी शेजारच्या बांधकामावरून वाळू आणली, धुतली, वाळवली, मोठी कुंडी भरली आणि रोप त्यात नेऊन लावलं. कुंडी अंगणातल्या भिंतीवर, तुळस आणि मोगऱ्याच्या रांगेत शेवटी. समोर प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि बसले. मी म्हटलं, बघत बसायला काय आहे त्यात? तर म्हणाले, "तहान लागलीय त्याला. दिसलालंय मला."

"लागू द्या."

"तुला कसं कळंल? मी तोंडावरून वळखतो. ज्या गल्लीला पाणी न्हाई त्या गल्लीतल्या बाया अशाच उभ्या राहत्यात."

मी तांब्या कपाटात ठेवला, महिन्याची वाटी मीच मोजून घालायची असं ठरवलं आणि कपाटाची चावी कमरेला लावली. हसू नका, खरंच लावली. माझे दोन महिने त्या कुंडीत लावलेले होते. यांचा हात नुसता शिवशिवायचा. एकदा पहाटे बघते तर हे ओला रुमाल कुंडीच्या वर धरून उभे. "पिळलालो न्हाई. नुसता गारवा देतोय." दुसऱ्या दिवशी वर्षाला फोन: "दव पडलं तर चालंल का?" ती म्हणाली, "पप्पा, दव तुम्ही पाडणार आहात का?" यांनी फोन माझ्या हातात दिला. म्हणजे विचार होताच.

परतीच्या पावसानं मात्र कमाल केली. आभाळ भरून आलं तसे हे छत्री घेऊन बाहेर गेले. मला वाटलं भाजीला निघाले. बघते तर भर पावसात स्वतः चिंब भिजत कुंडीवर छत्री धरून उभे! ज्या माणसानं तीस-बत्तीस वर्षं गल्लीगल्लीत पाणी पोचवलं, तो आता एका कुंडीचं पाणी अडवत होता. समोरचे गुरुपादप्पा दारातनं बघत होते. ते मूळचे उदगीरचे, एस.टी.त कंडक्टर होते, आणि गल्लीत काय चाललंय ते सगळ्यांना सांगण्याचं काम त्यांनी रिटायर झाल्यावर स्वखुशीनं घेतलं होतं.

"अण्णाराव! कुंडीला छत्री, अन् तुमाला?"

"मला फूल यायचं न्हाई!" हे ओरडले.

सगळ्यात मोठा धोका शेजारच्या नागुबाईमावशींचा. मावशींचं वय झालेलं, पाय दुखतात, पण दारापुढचं कुठलंही झाड तहानलेलं राहिलं तर त्यांना घास गिळत नाही. रोज देवाला घातलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन त्या भिंतीपाशी यायच्या, आणि आमचे हे आडवे व्हायचे.

"सरक रे अण्णाराव. लेकीच्या घरचं आलेलं लेकरू, त्याला पान्याबिगर मारलालास व्हय? पाप लागंल."

"मावशी, त्याला पाणी चालत न्हाई."

"पानी चालत न्हाई असं जगात काय असतंय? तुला चालतंय का न्हाई?"

"मारवाडातलं हाय ते मावशी."

"मारवाडीण असली म्हणून काय झालं? मारवाडी पानी पीत न्हाईत व्हय?"

तेव्हापासून झाडाचं नाव मारवाडीण पडलं. सगळी गल्ली येता-जाता विचारायची, मारवाडीण कशी हाय? यांनी शेवटी जुन्या पत्र्यावर ऑइलपेंटनं सरकारी अक्षरात लिहून पाटी लावली: 'येथे पाणी टाकू नये. आदेशावरून.' कुणाच्या आदेशावरून ते लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गुरुपादप्पा खबर घेऊन आले, "लोक मनलालेत, अण्णारावनं रिटायर झाल्यावर बी पाणी बंद केलं."

एवढं सगळं असूनही, किंवा त्यामुळंच, झाड वाढलं. दिवाळीनंतर त्याच्या फांद्या कुंडीभर पसरल्या, बारीक काटे, बारीक पानं, आणि टोकाला मोहरीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसायला लागल्या. हे खुर्चीवरून उठेनात. मी मनातल्या मनात यांची बॅग भरली. स्वेटर वर, औषधं बाजूच्या कप्प्यात.

आणि मग तो नळाचा दिवस आला; आजवरच्या सगळ्या नळांना हे कुंडीपुढं पहाऱ्याला उभे असायचे.

नळ येतो त्या दिवशी आमच्याकडं काय होतं ते ज्यानं पाहिलं नाही त्याला पटणार नाही. कालपर्यंत जे पाणी आम्ही वाटीवाटीनं वापरलं, ज्याच्यासाठी पोरांना ओरडलो, पाहुण्यांना अर्धा पेला दिला, तेच पाणी नळाची धार सुरू झाल्याबरोबर शिळं होतं. ताजं पाणी दारात असताना शिळं कोण पिणार? मग सगळे हंडे, घागरी, पिंप, बादल्या रिकाम्या करायच्या, घासायच्या, आणि नवं भरायचं. शिळं पाणी फेकायचं नाही, तेवढी अक्कल आम्हाला आहे. ते झाडांना घालायचं. म्हणून आमच्या गल्लीतली झाडं आठवडाभर मान टाकून असतात आणि नळाच्या दिवशी गळ्यापर्यंत बुडतात. त्यांना सवय झालीय.

त्या दिवशी पहाटेच नळ आला. हे चादर टाकून गल्लीच्या तोंडाशी पळाले, कारण नवा वॉलमन चावी एका दमात फिरवतो आणि यांचं म्हणणं, हळू हळू फिरवायची असते. मी घरात. डोळ्यावर झोप, हातात हंडा, डोक्यात एकच की धार बारीक व्हायच्या आत पिंप भरलं पाहिजे. लग्न झाल्यापासून जे हात करत आलेत ते हात करत गेले. हंडा उचल, भिंतीपाशी जा, ओत. तुळस. मोगरा. कढीपत्ता. जास्वंद. दुसरा हंडा. कोरफड. मारवाडीण.

हंडा रिकामा झाल्यावर मला जाग आली.

कुंडीत तळं झालं होतं. पाण्यावर बारकी पानं तरंगत होती. बाजूलाच पाटी: येथे पाणी टाकू नये. आदेशावरून.

मी आधी हंड्याकडं बघितलं, जसं काही त्यानंच केलंय. मग कुंडी वाकडी केली, पाण्याबरोबर वाळूही आली, मुळं उघडी पडली. आतली वाळू पार चिखल. पिठलं, दुपारची झोप, मनासारखी डाळ, सगळं त्या चिखलात गेलेलं मला डोळ्यांनी दिसत होतं. यांना कळायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. रोप अलगद पेपरात ठेवलं, ओली वाळू परातीत काढली, आणि गॅसवर मोठी कढई चढवली.

रवा भाजतात तशी मी वाळू भाजत होते. उलथनं कढईवर खर्रर्र खर्रर्र वाजत होतं. वास मात्र रव्याचा येईना.

"काय भाजलालीस एवढ्या सकाळी?" हे दारात.

"रवा," मी म्हटलं. वळले नाही.

"शिरा?" आवाजात आनंद. "कामून? काय हाय आज?"

"उगंच. मनात आलं."

हे जवळ आले. कढईत बघितलं. चिमूट उचलली, बोटांत चोळली. मग पेपरातल्या रोपाकडं बघितलं. मग बाहेर जाऊन कुंडी बघून आले, आणि परत माझ्याकडं. मी उलथनं चालवत राहिले. आता थांबून काय उपयोग?

मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. पण यांचा चेहरा हळूहळू उजळत चालला होता. रिटायर झाल्यापासून एवढा उजेड मी त्या तोंडावर बघितला नव्हता.

"तू?" हे म्हणाले. "तू घातलंस?"

"शिळं पाणी होतं."

"तू!" आणि हसायला लागले. खुर्ची ओढून बसले आणि पोट धरून हसले. "कमरेला चावी लावून फिरलालीस! मला रुमाल पिळू दिला न्हाईस! अन् हंडा ओतलीस, हंडा!"

"झालं तुमचं?"

"मी न्हाई घातलं, लक्षात ठेव. मी एक थेंब न्हाई घातला."

"ठेवलं लक्षात. पण आता तिकीट कसं येणार ते बघा."

तेव्हा हसणं थांबलं. यांनी गॅस बंद केला. "गरम वाळूत घालणार होतीस त्याला? भाजून खायचंय का?" मग माझी जुनी साडी गच्चीवर अंथरली, वाळू पसरली, कुंडीचं बुडाचं भोक खिळ्यानं मोठं केलं, तळाला विटेचे तुकडे घातले. रोपाची मुळं फडक्यानं टिपली, बाळाचं अंग टिपावं तशी. ऊन चढल्यावर वाळू गार करून भरली आणि रोप उभं केलं. ते लगेच आडवं झालं. परत उभं केलं, काडीचा आधार दिला.

"वर्षाला सांगायचं न्हाई," हे म्हणाले. "आन् दुसऱ्या कुणालाच सांगायचं न्हाई. आपल्या दोघांत."

त्यानंतर हे गुरुपादप्पांकडं चहाला गेले. ते परत यायच्या आत नागुबाईमावशी दारात हजर.

"सिंधे, बुडवलीस म्हनं मारवाडीण! मी तांब्याभर घालू मनलं तर पाप, अन् तू हंडाभर घातलीस ते पुन्य व्हय गं?"

मी कढई घासायला घेतली.

झाडानं पानं गाळली. कळ्या काळ्या पडल्या. चार काटक्या राहिल्या. वर्षाचा व्हिडिओ कॉल आला की म्हणायची, "पप्पा, झाड दाखवा." हे फोन घेऊन अंगणात जायचे, पण यांना कॅमेरा कुठं असतो ते आजवर कळलेलं नाही, त्यामुळे अर्धा वेळ तिला यांचं कानाचं भोक दिसायचं. तेवढ्यात मी मोगऱ्याची फांदी ओढून पुढं करायची. एकदा तर मावशी स्वतः पदर पसरून कुंडीपुढं उभ्या राहिल्या. "वर्षे, मी दिसलाले का? जेवलीस का बाई? दुबळी झालीस." वर्षा तिकडून ओरडली, "मावशी, बाजूला व्हा, झाड बघू द्या!" मावशी म्हणाल्या, "झाड झोपलंय."

हे खुर्चीवर बसतच होते. पण आता तहानेचं बोलत नव्हते, रुमाल आणत नव्हते. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून काही करत नव्हते. मलाही नळ बारीक कर म्हणायचे नाहीत. घरात कसं शांत शांत झालं. मला त्या शांततेची भीतीच वाटायला लागली. एका संध्याकाळी मी म्हटलं, "अहो, दुसरं एखादं मागवू तिच्याकडून. हे गेलं म्हणून सांगू."

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. "मुळात ओल किती मुरली ते आपल्याला दिसत न्हाई. उगं घाई करू नये."

संक्रांत झाली आणि माझ्याकडं हळदीकुंकू होतं. अंगणात बायका, तिळगूळ, वाणाच्या गाळण्या. मावशींनी सवयीनं तुळशीला कुंकू लावलं, मोगऱ्याला लावलं, रांगेत पुढं सरकल्या आणि तिथंच थांबल्या.

"सिंधे. ए सिंधे. इकडं ये गं."

काटकीच्या कडेला दोन नवी पानं होती, आणि त्यांच्या कुशीत फूल. जांभळं, पाच पाकळ्यांचं, पाकळी पाकळीपासून जरा फटकून राहिलेली. एवढंसं, की माझ्या कपाळावरची टिकली त्याच्यापेक्षा मोठी होती.

"एवढंसंच?" मावशी म्हणाल्या. "एवढ्यासाठी?" पण डोळ्याला पदर लावला, आणि चिमूटभर हळद कुंडीच्या काठाला.

हे घरात होते, बायकांत यायचं नाही म्हणून. मी हाक मारली. बायका बाजूला झाल्या, हे आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले. कितीतरी वेळ वाकलेलेच. गुरुपादप्पा भिंतीपलीकडून विचारत होते, "आलं का? काय आलं? कुनी सांगा की!"

वर्षाला फोटो गेला. तिचा लगेच फोन. "पप्पा! खरंच आलं? तुम्ही पाणी नाही घातलं?"

"मी एक थेंब न्हाई घातला," हे म्हणाले, अगदी खरं.

तिकडून या वेळी रेंज गेली नाही. ती म्हणाली, "या पप्पा. तिकीट काढते."

मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसून घेतलं. बॅग खाली काढली. दसम्यांचा बेत ठरवला. आणि रात्री जेवताना हे म्हणतात, "मी जाणार न्हाई."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. "का?"

"फूल आलंय. अजून कळ्या हाईत. बी धरायचं हाय. तुझ्यावर सोडून जाऊ? मधी सहा-सात नळ येतेत."

"मी हात लावणार नाही त्याला."

"हंड्यानं लावशील."

"मावशीकडं ठेवू."

"तांब्यानं मारतील."

"मग सोबत घेऊन जा!"

"दोन रात्रीचा प्रवास, बाळंतिणीला कुणी नेतंय व्हय?"

मी भांडले. रडले म्हणा. यांनी ऐकलं नाही. शेवटी तावातावानं वर्षाला फोन लावला, की तुझ्या बापाला तूच सांग. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मम्मी, मग तू ये ना."

असा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. दोन महिने यांच्याशिवाय राहायचं तर यांनी जायला हवं, एवढंच मी धरून बसले होते. आपल्यालाही पाय आहेत हे लक्षातच नाही.

नांदेडला स्टेशनवर हे सोडायला आले, पण सारखं घड्याळ बघत होते. मला वाटलं गाडीची काळजी. म्हणाले, "लातूरची शेवटची बस गाठली पाहिजे. उद्या नळ हाय. मावशी मोकळी हाय तिथं."

फलोदीला पोचले. वर्षाची खोली नीटनेटकी, टाकीला झाकणसुद्धा होतं. दोन-तीन दिवसांनी ती मला साइट दाखवायला घेऊन गेली. काचेच्या पाट्यांच्या रांगाच रांगा, नजर पोचेना. त्या दिवशी पाट्या धुवायचं काम चाललं होतं. टँकर उभा, माणसं लांब काठीच्या ब्रशनं धूळ काढत होती, आणि पाट्यांच्या कडेवरून पाणी खाली टपटप गळत होतं. जिथं पाणी गळत होतं तिथं, प्रत्येक रांगेखाली, लांबवर, जांभळी पट्टी. मी खाली वाकले. पाच पाकळ्या, एकमेकींपासून फटकून. बारीक काटे. हजारो होती. बाकी वाळूत एखाददुसरं, आणि या ओलीत नुसतं माजलेलं.

"वर्षे," मी म्हटलं. "हे पाणी पितंय गं."

"दिसतंय तसं," ती टाचेनं वाळू उकरत म्हणाली. "मला कुठं माहीत होतं मम्मी? मला वाटलं पप्पा पहिल्या आठवड्यातच बुडवतील, विषय संपेल." मग वर न बघता, "ते खरंच नुसते बसले का गं?"

"खुर्ची टाकून."

पाटीवरून गळणाऱ्या थेंबाखाली तिनं तळहात धरला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नेहमीसारखं यांचं कानाचं भोक आधी दिसलं. "सिंधु? आज चार फुलं आली, चार! अन् एका फुलाला बी धरलंय. पाणी अजिबात न्हाई, नळाला पण न्हाई. रात्री कुंडी आत घेऊन झोपतो, मावशीचा भरवसा न्हाई. तिकडं दिसतंय का गं कुठं असलं झाड?"

मी घाईनं फोन आभाळाकडं केला. पायाखाली जांभळं पसरलेलं. वर्षा माझ्याकडं बघत होती.

"छे हो," मी म्हटलं. "एवढ्या मोठ्या वाळवंटात असं भरलेलं एक नाही."

"मला वाटलंच." आवाज असा खुलला की टँकरवाल्यानं वळून बघितलं. "मंग असं करतो, बी चांगलं वाळलं की मीच घेऊन येतो. तिकडं लावून देतो. पोरीच्या दारात चार झाडं तरी होतील. इचार तिला, चालंल का?"

वर्षानं फोन माझ्या हातातून घेतला. "या पप्पा," ती म्हणाली. "लवकर या. इथं लई गरज आहे."

संध्याकाळी ती यांचं तिकीट बघत बसली. मी शेजारी बसून तिला म्हटलं, ज्या दिवशी ते इथं पोचतील, त्याच दिवशीचं माझं परतीचं काढ. लातूरचं घर असं किती दिवस बंद ठेवायचं?